एन्नोचा चेंडू ज्याने पाहिला

हार्लन फोर्ड, नेब्रास्का
४ एप्रिल १९४९

प्रिय डेल्बर्ट,

नाताळच्या कार्डावर दोन ओळी खरडायच्या आणि मग वर्षभर गप्प बसायचं, ही आपली रीत आज मी मोडतेय. कारणच तसं आहे. आपल्या गावच्या बेसबॉल मैदानाला एन्नोचं नाव द्यायचं ठरलंय! ऑगस्टमधल्या शेवटच्या रविवारी समारंभ. 'रेन्केन मैदान' असा फलक लागणार, मेरिटच्या संघाशी मॅच होणार, बायका अ‍ॅपल-पाय आणि हॅम करणार. आणि बँड. बँड वाजवणारे कसे आहेत ते विचारू नकोस.

एन्नोला सांगितलं तेव्हा तो गोठ्यात होता. मान वर न करता म्हणाला, "मेल्यावर लावा म्हणावं. एवढी कसली घाई?" पण दुसऱ्या दिवशी पाहते तर त्याचा लग्नकार्याचा कोट कुंपणावर उन्हात टाकलेला. माझा भाऊ कसा आहे ते तुला सांगायला नको.

आणि फलकावरचं कापड कोण काढणार आहे, ठाऊक आहे? हेस्टर अ‍ॅमरमन. मला तिला विचारायचं धाडस झालं नसतं. तीच मेरिटहून आली, सभेत उठली आणि म्हणाली, "माझा नवरा एन्नोच्या चेंडूने गेला हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर या माणसाने सेंट लुइसच्या मोठ्या संघाचा करार फाडून टाकला आणि पुन्हा चेंडू हातात धरला नाही, हेही माहीत आहे. दर वसंतात माझी पवनचक्की कोण दुरुस्त करतं, ते मला माहीत आहे. लाइलचं नशीब वाईट होतं, चेंडू चोख होता. कापड मी ओढीन."

तर तू यायचंस. इथेही आणि सेंट लुइसला चाचणीसाठी गेला तेव्हाही तूच त्याचे चेंडू झेलणारा कॅचर होतास. भाषण तूच करायचंस. पाच-दहा मिनिटं. शिव्या न देता जमेल ना?

तुझी,
गसी


फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
१८ एप्रिल १९४९

प्रिय गसी,

पत्र वाचलं आणि उठून अंगणात फेऱ्या मारल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, छातीत दुखतंय का?" म्हटलं, अगं, उलट आहे.

शिव्या न देता त्या चेंडूबद्दल कसं बोलणार? माझ्या डाव्या हाताचं एक बोट उत्तरेला जातं, एक दक्षिणेला, आणि अंगठा कुठे जायचं ते अजून ठरवतोय. तुझ्या वडिलांची जुनी फेल्टची टोपी कापून तू माझ्या हातमोज्यात शिवून दिली होतीस, आठवतं? ती नसती तर आज मला चमचाही धरता आला नसता. वडील ती टोपी महिनाभर शोधत होते!

आणि ते बर्फवाल्याचं खेचर. कुंपणापलीकडे बांधलेलं असायचं. एन्नोचा चेंडू मोज्यात फाडकन वाजला की लाथ झाडायचं. शेवटी बर्फवाल्याने दुसरी आळी धरली. आणि ठार बहिरे टूमीआजोबा! एकदा मॅचमध्ये एकदम उठून म्हणाले, "हा मला ऐकू आला!" हे सगळं सांगेन. इथे माझ्या जावयाला मी कधी बेसबॉल खेळलो असेन असंही वाटत नाही. त्यालाच घेऊन यावं म्हणतो.

हो, एक. हिवाळ्यात एक मासिकवाला पोरगा येऊन गेला होता, जुन्या खेळाडूंवर काही लिहितोय म्हणे. तुमच्याकडे नाही ना कुणी आलं? काही छापून आलंच तर फार मनावर घेऊ नका. हे लोक आपल्या पदरचं तिखटमीठ लावतात.

एन्नोला सांग, कोट घट्ट झालाय असं म्हणू नकोस, पोट वाढलंय म्हण.

तुझा,
डेल्बर्ट


हार्लन फोर्ड
१ मे १९४९

प्रिय डेल्बर्ट,

मासिक! आणि हे तू पत्राच्या शेपटाला, खोकल्यासारखं, सांगतोस? तू स्वतःची फुशारकी मारली असशील म्हणून लाजतोयस, दुसरं काय. मार की! तुझाही हक्क आहे. चेंडू टाकणाऱ्या पिचरचं नाव होतं आणि बोटं कॅचरची मोडतात, हे एन्नोच नेहमी म्हणतो.

औषधाच्या दुकानात जाऊन मी सांगून आले की तो अंक आला की नेहमीपेक्षा जास्त प्रती मागवा. दुकानदार म्हणाला, समारंभापर्यंत काचेत लावून ठेवतो. हेस्टरलाही एक नेऊन देईन.

तुझ्यासाठी माडीवरची खोली झाडून ठेवलीय. जावयासाठी गोठ्यात जागा आहे.

गसी


हार्लन फोर्ड
१३ जून १९४९

मिस्टर डेल्बर्ट क्विग,

मासिकात आपल्या मुलाखतीचा लेख आला. औषधाच्या दुकानात शनिवारी गर्दी होती, मीच जमवली होती. दुकानदाराने काउंटरवर उभं राहून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खेचर आलं, लोक हसले. टूमीआजोबा आले, पुन्हा हसले. माझा ऊर भरून आला होता.

मग आपलं वाक्य आलं. ते माझं पाठ झालंय, इच्छा नसताना. "नुसत्या हाताने कुणी एवढा वेग काढतो का? एन्नोच्या मोज्यात सुताराच्या काचकागदाचा तुकडा असायचा. चेंडूची एक बाजू घासून खरबरीत केली की तो हवेत कसा पळेल, कुठे वळेल याचा नेम नसे. हे फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं." आणि खाली आपला फोटो. वाकडी बोटं पसरून, हसताना.

दुकानदार मधेच थांबला. पुढचं कुणी वाचलं नाही. लोक एकेक करून निघाले. माझ्याशी बोलायला नको म्हणून कुणी टूथपेस्ट बघत होतं, कुणी छत.

एन्नो बाहेर गाडीत बसला होता. आत यायला लाजत होता बिचारा. अंक मी लपवला, पण त्याने हात पुढे केला. वाचला. घडी घातली. "घरी चल," म्हणाला, "गाई खोळंबल्या असतील."

आपण असं का केलंत?

ऑगस्टा रेन्केन


फ्रेस्नो
२० जून १९४९

प्रिय गसी,

तू मला 'आपण' म्हणालीस ते त्या लेखापेक्षा जास्त लागलं.

अगं, तो पोरगा भलताच निघाला. मी गमतीत काहीतरी म्हणालो आणि त्याने तेच उचलून छापलं. मला आता नीट आठवतही नाही काय शब्द होते. आणि एवढं आभाळ कोसळल्यासारखं काय आहे त्यात? त्या काळी कोण काय करत नव्हतं? कुणी थुंकी लावायचं, कुणी मेण. बंदी होती, पण लोक हसून सोडून द्यायचे. उलट वाचणाऱ्याला वाटेल, काय हुशार माणूस होता एन्नो! चार दिवस बोलतील आणि विसरतील. गावाला फलक लावायचाय, ते लावतीलच.

लाइल अ‍ॅमरमनचं तर मी नावही काढलं नाही.

एन्नो काय म्हणतोय? त्याने दोन ओळी लिहिल्या तर बरं वाटेल. मी ऑगस्टचं तिकीट बघतोय.

डेल्बर्ट


हार्लन फोर्ड
२ जुलै १९४९

डेल्बर्ट,

'आपण' सोडते. परक्याला एवढं लिहिण्याची माझी तयारी नाही.

लाइलचं नाव काढलं नाहीस म्हणतोस. नाव तू काढायची गरजच नव्हती. इथल्या चार वर्षांच्या पोरालाही एन्नोच्या चेंडूपुढे ते नाव लावता येतं. चेंडू कुठे वळेल याचा नेम नसे, असं तू छापून सांगितलंस. मग सुगीच्या जत्रेत मेरिटचा तारमास्तर बॅट घेऊन उभा राहिला आणि दोन दिवसांनी शुद्धीवर न येताच गेला, ते काय झालं? अपघात की आणखी काही? हा प्रश्न तुला फ्रेस्नोत पडला नाही. मेरिटमध्ये तो पहिल्याच दिवशी पडला.

हेस्टर गेल्या रविवारी चर्चनंतर आली. एरवी स्वयंपाकघराच्या दाराने येते, हाक मारत. त्या दिवशी पुढच्या दाराने आली, टोपी घालून, आणि बसली नाही. एन्नो उठून उभा राहिला.

ती म्हणाली, "एन्नो, मी एकदाच विचारते. लाइलला लागला तो चेंडू चोख होता?"

"होता."

"काचकागद?"

"माझ्या मोज्यात कधीच नव्हता, हेस्टर."

मग म्हणाली, "हे आणखी कोण सांगेल?"

आणि माझा भाऊ, डेल्बर्ट, सवयीने बोलून गेला. "डेल्बर्टला विचार," म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच कळलं तो काय बोलला ते. मी एन्नोला आईच्या प्रेताजवळ पाहिलंय, लाइलच्या दफनाच्या दिवशी पाहिलंय. त्याचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

हेस्टरने कॉफीही घेतली नाही. जाताना दाराशी म्हणाली, "माझ्या लेकाने विचारलं, आई, इतकी वर्षं आपली पवनचक्की हा माणूस का दुरुस्त करत होता? दुःख म्हणून, की पाप म्हणून?"

कमिटीतले दोघे म्हणतायत समारंभ पुढच्या वर्षी करू. पुढचं वर्ष म्हणजे कधीच नाही, हे त्यांनाही कळतं आणि आम्हालाही.

आठवत नाही, गंमत केली, पोरगा भलता निघाला, हे सगळं बाजूला ठेव. मला एका शब्दात लिही. काचकागद होता का?

ऑगस्टा


फ्रेस्नो
१२ जुलै १९४९

गसी,

नव्हता.

कधीच नव्हता. काचकागद नाही, मेण नाही, काही नाही. एन्नो चेंडूला मातीचा डाग लागला तरी पँटला पुसून टाकायचा. तो चेंडू नुसत्या हाताचा होता. मी आजवर पाहिलेला सगळ्यांत स्वच्छ चेंडू.

का केलं, विचारतेस. सांगतो, आणि सांगताना मला ते किती फडतूस आहे ते दिसतंय.

तो पोरगा सभ्य होता. मी त्याला दुपारभर एन्नोबद्दल सांगितलं, जीव तोडून. तो ऐकत होता, मग म्हणाला, "असा एक पिचर प्रत्येक गावात असतो, मिस्टर क्विग. सगळ्यांचेच चेंडू वेगामुळे दिसायचे नाहीत." आणि त्याने पेनाला टोपण लावलं. जावई दारात उभा होता, ओठांत हसत. फळांच्या पेट्या भरण्यात माझं आयुष्य गेलं, गसी. माझ्याजवळ सांगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती आणि ती ऐकून माणसाने पेन मिटलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पण आतली गोष्ट वेगळीच होती." टोपण निघालं. जावई आत येऊन बसला. मग मी थांबू शकलो नाही. थांबू शकलो असतो, थांबलो नाही.

लाइल मला आठवला नाही. हेच सगळ्यांत वाईट. तो पोरगा निघून गेल्यावर, फाटक लावताना आठवला. तेव्हा धावत गेलो असतो तर गाठता आलं असतं. गेलो नाही.

मासिकाला आज लिहिलंय की मी खोटं बोललो. हेस्टरसाठी वेगळं पत्र सोबत ठेवलंय, ते तिला दे. आणि मी ऑगस्टमध्ये येतो. मैदानात सगळ्या गावासमोर उभा राहून सांगेन. माझ्या तोंडात शेण घाला, पण सांगू द्या.

डेल्बर्ट


हार्लन फोर्ड
४ सप्टेंबर १९४९

डेल्बर्ट,

येऊ नकोस अशी तार मी केली ती एन्नोच्या सांगण्यावरून. मला विचारलं असतंस तर मी तुला येऊ दिलं असतं आणि स्टेशनवर चार लोकांत थोबाडीत मारली असती.

तुझा खुलासा मासिकात आला. तळाला, केसांच्या तेलाच्या जाहिरातीच्या वर. इथे कुणी वाचला नाही, ज्यांनी वाचला ते म्हणाले, रेन्केनांनी दबाव आणला असणार. दुकानदार म्हणाला, "ऑगस्टा, मला सांग, माणूस फोटो काढून घेताना खरं बोलतो की पकडल्यावर?"

तुझं पत्र घेऊन मी हेस्टरकडे गेले. तिने ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाली, "हा माणूस मला सांगतोय की तो सराईतपणे खोटं बोलतो, आणि आता त्याच्यावर विश्वास ठेव." मी म्हटलं, "मग एन्नोवर ठेव." तेव्हा ती जे म्हणाली ते तुला कळावं म्हणूनच हे सगळं लिहितेय. "ठेवायचाच आहे गं मला. ठेवायचा प्रयत्न करतेय. पण आधी मला प्रयत्न करावा लागत नव्हता."

मग एन्नोने कमिटीला जाऊन सांगितलं, फलक लावायचाच असेल तर लाइल अ‍ॅमरमनच्या नावाने लावा. त्यांना तर सुटल्यासारखंच झालं. आता तिथे 'अ‍ॅमरमन मैदान' आहे. आणि निम्मं गाव म्हणतंय, बघा, शेवटी कबूल केलंच ना म्हाताऱ्याने.

हेस्टर आली होती. कापड तिनेच ओढलं. एन्नो गर्दीच्या मागे, कुंपणाजवळ उभा होता, त्याच कोटात. ती चालत त्याच्यापर्यंत आली आणि मॅच संपेपर्यंत शेजारी उभी राहिली. तिच्या लेकाने गाडीतून खाली पाऊल ठेवलं नाही. येत्या वसंतात पवनचक्कीसाठी त्याने मेरिटचा माणूस ठरवलाय, असं कळलं.

मोज्यात टोपी शिवली होती ती वडिलांना न विचारता. त्यासाठी मी मारही खाल्ला होता, तुला कधी सांगितलं नाही. तुझा हात वाचावा एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. जाऊ दे.

एन्नोला तुला काही लिहायचंय म्हणतो. त्याने पत्र लिहिलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सकाळपासून बसलाय. लिहून झालं की यातच घालते.

ऑगस्टा


डेल,

गसीने बाकी लिहिलंच आहे. मला एकच सांगायचं होतं.

माझा चेंडू मी कधी पाहिला नाही. हातातून सुटताना माझी मान खाली जायची आणि वर बघेपर्यंत तो तुझ्या मोज्यात असायचा. बॅटरला दिसत नव्हता असं लोक म्हणतात, पण मलाही दिसत नव्हता, हे मी कुणाला सांगितलं नाही. तू चालत यायचास, चेंडू माझ्या तळहातावर ठेवायचास आणि म्हणायचास, आज वर चढत होता, एन्नो. आज शेवटी फुसकारत होता. त्या चेंडूचं माझ्याजवळ जे काही आहे, ते तू सांगितलेलं आहे.

लाइल पडला तेव्हाही मी पाहिलं नाही. आवाज वेगळा आला एवढंच कळलं. मी मातीत गुडघ्यांवर बसलो होतो. तू आलास, माझा खांदा धरलास आणि म्हणालास, "सरळ होता, एन्नो. लाइल आत वाकला. चेंडू सरळ होता." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं जगलो. हेस्टरलाही मी तेच सांगितलं, तिने तेच धरून ठेवलं.

आता दूध काढताना ते वाक्य आठवतं आणि मला कळत नाही, की तू तसं पाहिलं होतंस म्हणून म्हणालास, की मी रडत होतो म्हणून.

उत्तर लिहू नकोस. तू काहीही लिहिलंस तरी मला आता कळणार नाही.

एन्नो